हा महागडा रस खरंच औषध आहे का?

दुपारची कामं आटोपून बायका भिशीला जमल्या, की आमच्या जठारपेठेत चहाच्या कपांबरोबर एक गडद रंगाची बाटलीही हातोहात फिरते. हा 'नोनी'चा रस. "वहिनी, रोज दोन मोठे चमचे घ्या. शुगर उतरते, गुडघे मोकळे होतात, बीपीच्या गोळ्या सुटतात!" सांगणारी बाई ओळखीचीच असते, त्यामुळे नाही म्हणणं जड जातं. बाटली मात्र हजाराच्या घरात! शिवाय "तुम्हीही मेंबर व्हा नं, चार जणी जोडा," हा आग्रह असतोच.

मैत्रिणींनो, ही नोनी आहे तरी काय? नाव परदेशी, पण झाड आपल्या देशातही आहे. त्याच्या मुळांपासून पूर्वी लाल रंग काढून कापड रंगवीत. त्या रंगाला 'आल' म्हणत. फळ पिकलं की असा उग्र वास येतो, की हौसेनं कुणी खाऊ नये. त्याला भाव आला तो बाटलीत गेल्यावर. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या मोरिंडा कंपनीनं ताहिती बेटाच्या नावानं हा रस असाच ओळखीपाळखीतून विकायला काढला. मधुमेहापासून संधिवातापर्यंत सगळ्यांवर तो चालतो, असा प्रचार झाला. १९९८ मध्ये तिथल्या चार राज्यांच्या सरकारांनी कंपनीला जाब विचारला. पुराव्याशिवाय असे दावे करणार नाही, हे कबूल करून कंपनीला एक लाख डॉलर भरावे लागले. पुढे २००२ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञ समितीनंही पाहिलं. इतर फळांच्या रसांहून या रसाचा काही विशेष गुण असल्याचा पुरावा नाही, असा तिचा निष्कर्ष होता.

"पण माहितीपत्रकात संशोधन छापलेलं असतं ना?" असतं. पण ते कुणावर केलंय, हे बघावं. उंदरांवर किंवा काचेच्या बशीतल्या पेशींवर काही दिसलं, म्हणजे माणसाचा आजार बरा झाला असं होत नाही. 'अँटिऑक्सिडंट'च्या मोठमोठ्या आकड्यांचंही तेच. कंपन्या त्यांचा गैरवापर करतात म्हणून अमेरिकेच्या शेती खात्यानं असा तक्ताच २०१२ मध्ये मागे घेतला.

नुसते पैसे गेले असते तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण आमच्या ओळखीच्या एका काकूंनी रस सुरू केला आणि "आता कशाला?" म्हणून शुगरच्या गोळ्या बंद केल्या. दीड महिन्यात पायाची साधी जखम चिघळली आणि दवाखान्यात राहावं लागलं. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. या रसात संत्र्याच्या रसाइतकं पोटॅशियम असतं. तो घेणाऱ्या अशाच एका रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम वाढल्याची नोंद डॉक्टरांनी २००० मध्ये केली आहे.

आपल्याकडे कायदाही आहे बरं का! मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, संधिवात बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. फसव्या जाहिरातीबद्दल अन्न सुरक्षा कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

तेव्हा बाटली घरी आली, तर एवढं करावं :

१. तोंडी सांगितलेला गुण बाटलीवर छापलेला आहे का, ते बघा. बहुतेक वेळा "हे औषध नाही" असंच बारीक अक्षरात सापडेल.

२. माहितीपत्रक आणि पावती मागून घ्या. तक्रार करायची वेळ आली, तर तीच कामी येतात. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. अन्न व औषध प्रशासनाकडेही तक्रार करता येते.

३. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

४. मेंबर होण्याआधी हिशेब मांडा. माल विकून पैसे मिळणार, की नुसत्या बायका जोडून? दुसरं असेल, तर ते कायद्यानं चालत नाही.

आणि फळंच हवीत ना? शंभर ग्रॅम पेरूत 'क' जीवनसत्त्व दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, आवळ्यात त्याहून जास्त. मोसमात वरूड-मोर्शीची संत्री दारावर येतात. ती चोथ्यासकट खावीत, म्हणजे पोटही साफ राहतं. तेवढ्या पैशात घरातल्या सगळ्यांना महिनाभर फळं होतील.

मैत्रिणीचं मन मोडवत नसेल तर तिला चहा पाजा, गप्पा मारा. पण डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी कुणाच्याही शब्दावर बंद करू नका.