एका देशाला चार सेकंद

पडद्यावर लिस्बनच्या अल्फामा भागातली चढणीची गल्ली होती. मागून 28 नंबरची पिवळी ट्राम येत होती आणि गायिका भलत्याच घाईने ओठ हलवत होती. स्पीकरमधून येणारं गाणं मात्र उंदराच्या चिरचिरीसारखं. मी हसलो.

"तिथंपण हसत होते," अंधेरीच्या एडिट रूममध्ये कोपऱ्यात बसलेला प्लेबॅकवाला मुलगा म्हणाला. साताऱ्याकडचा. शूटिंगभर गाणं वाजवायचं काम त्याचं.

केस, ओढणी, पाणी सगळं संथ आणि स्वप्नातलं दिसायला हवं असेल तर सेकंदाला 25 ऐवजी 50 फ्रेम्स घेतात. त्यासाठी गाणंही दुप्पट वेगानं वाजवावं लागतं आणि गायिकेला त्याच वेगानं तोंड हलवावं लागतं. एडिटला चित्र निम्म्या गतीनं चालवलं की ओठ मूळ गाण्यावर बरोबर बसतात, मागचं शहर तेवढं तरंगत राहतं. कॅमेऱ्यावर आलेला आवाज फक्त जुळवणीपुरता. जुळलं की एडिटर तो बंद करतो.

मी इथं आलो तो मॅट हार्डिंगमुळे. या अमेरिकन माणसाचा 2008 सालचा व्हिडिओ मी अजूनही अधूनमधून लावतो. 14 महिने, 42 देश, आणि सगळीकडे तोच ओबडधोबड नाच. मागचं 'प्राण' हे गाणं गॅरी स्कायमनचं, शब्द रवींद्रनाथांच्या 'गीतांजली'तले, गायलंय पालबाशा सिद्दीकीनं. साडेचार मिनिटांत हे सगळं. म्हणजे एका देशाला सरासरी सहा-सात सेकंद. असलं काही टेबलावर कसं कापतात ते बघायचं होतं.

देशोदेशी फिरून घेतलेल्या या गाण्याचा हिशेब जास्त कडक निघाला. "एका देशाला चार सेकंद," एडिटर म्हणाला. "पाचव्या सेकंदाला माणूस अंगठ्यानं पुढं ढकलतो."

चार सेकंदांसाठी केवढा खटाटोप! सामान नेताना फिक्की या उद्योगसंघटनेकडून काढलेलं कार्नेट म्हणजे कस्टमचा कागद, त्यावर प्रत्येक लेन्सचा नंबर, प्रत्येक कस्टमला मोजणी. पॅरिसला रात्रीचा आयफेल टॉवर घेतला नाही, कारण रोषणाई ही स्वतंत्र कलाकृती मानली जाते आणि व्यावसायिक वापराला परवानगी लागते. मग पहाटे उठून घेतला. चार सेकंद.

प्लेबॅकवाल्याला मी विचारलं, इस्तंबूल कसं आहे? तो म्हणाला, "फेरीचा भोंगा आणि सीगल. आवाज फुल केला तरी मॅडमना ऐकू जाईना." लिस्बन? "ट्राम आली की वर, गेली की खाली." त्याच्या लेखी शहर म्हणजे स्पीकरचं बटण किती फिरवावं लागलं तेवढंच. मला वाटतं, त्या टोळीत प्रवास केला तो यानंच. बाकीच्यांनी पार्श्वभूमी गोळा केली.

कारण शहर होतं ते त्या टाकाऊ आवाजात. एडिटरनं बटण दाबलं की ट्रामची घंटा गेली, भोंगा गेला, खिडकीतून मान बाहेर काढून हसणाऱ्या म्हातारीचा आवाज गेला. उरलं ते मुंबईच्या स्टुडिओत आधीच रेकॉर्ड झालेलं गाणं.

याच्या उलटही करता येतं. संगीत निर्माता मार्क जॉन्सननं 2005 मध्ये अमेरिकेतल्या सांता मोनिकाच्या रस्त्यावर रॉजर रिडली या गायकाला 'स्टँड बाय मी' गाताना ऐकलं आणि त्याला तिथंच, उघड्यावर, रेकॉर्ड केलं. मग ते गाणं हेडफोनवर ऐकवत न्यू ऑर्लिन्सच्या ग्रँडपा एलियटपासून देशोदेशीच्या कलावंतांचा आवाज, जो तो होता त्या जागी जाऊन, त्यात भरला. तिथं लोक गाण्यात आले. इथं लोक गाण्यामागून चालतात, तेही निम्म्या वेगानं.

घंटा ठेवा ना, असं मी एडिटरला म्हणून पाहिलं. "तालात नाही ती," तो म्हणाला. ते खरंही होतं.

पुढच्या गाण्यासाठी प्लेबॅकवाल्यानं निर्मात्याकडे गायिकेच्या कानात बसणारा छोटा वायरलेस रिसीव्हर मागितलाय. मग स्पीकर गळ्यात अडकवून हिंडायला नको, गर्दी जमायला नको, पोलीस यायला नको. त्याच्या खांद्याचा विचार केला तर तो मिळायलाच हवा. पण मग कुठल्याही गल्लीत कुणी हसणार नाही, आणि मला ते पटत नाही.