तुरुंगातील समाज

मराठी वाचकास तुरुंग अगदीच अपरिचित नाही. लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिले, तर साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या. परंतु हे ग्रंथ तुरुंगात लिहिलेले आहेत, तुरुंगाविषयी नव्हेत. चोरीमारीसाठी शिक्षा भोगणाऱ्या सामान्य बंद्याच्या हाती लेखणी नसते. त्याच्या जीवनाचा शास्त्रीय अभ्यास अमेरिकेत झाला. त्याची थोडक्यात ओळख करून देण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

डोनाल्ड क्लेमर यांचा ‘द प्रिझन कम्युनिटी’ हा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. बंदी हळूहळू तुरुंगाची बोली, रीतिरिवाज व मूल्ये अंगी बाणवितो आणि त्या प्रमाणात बाहेरच्या जगास पारखा होतो, असे त्यांस आढळले. या क्रियेस आपण ‘बंदिसंस्कार’ म्हणू.

१९५८ साली ग्रेशॅम साइक्स यांनी न्यू जर्सीतील ट्रेंटन येथील तुरुंगावर ग्रंथ लिहिला. स्वातंत्र्य, वस्तू व सोयी, स्त्रीसहवास, स्वतःचे निर्णय घेण्याचा अधिकार आणि सुरक्षितता या पाच गोष्टींस बंदी मुकतो, असे त्यांनी दाखविले. शेवटची गोष्ट विशेष ध्यानी घेण्याजोगी आहे: इतरांस उपद्रव देणारा मनुष्य येथे आपल्यासारख्यांच्याच उपद्रवाचा बळी होतो. साइक्स पुढे सांगतात की, पहारेकऱ्यांस निव्वळ बळाने राज्य करता येत नाही. ते लहानसहान अपराधांकडे काणाडोळा करतात व मोबदल्यात शांतता मिळवितात. मागील बाकांवरील खोड्या पाहूनही न पाहिलेल्या आम्हां शिक्षकांस हा व्यवहार अनोळखी वाटू नये!

१९६२ साली अर्विन व क्रेसी यांनी निराळे मत मांडले. बंदी आपले पुष्कळसे संस्कार बाहेरूनच घेऊन येतो, असे त्यांचे म्हणणे. तत्पूर्वी, १९६१ साली, स्टँटन व्हीलर यांस असे दिसले होते की, सुटकेचा दिवस जवळ येऊ लागला म्हणजे पुष्कळांची मने पुन्हा समाजमान्य मूल्यांकडे वळतात.

आम्हांस हा शेवटचा निष्कर्ष मोलाचा वाटतो. ‘शिक्षा’ या शब्दाचा संस्कृतातील मूळ अर्थ ‘शिकणे’, आणि हिंदीत तो अद्याप टिकून आहे. मराठीत मात्र केवळ ‘दंड’ उरला. बहुतेक बंदी एक ना एक दिवस गावी परततात, आणि ज्याचे त्यांनी नुकसान केले तोही बहुधा तेथेच राहत असतो. तुरुंगात बंदी काय शिकला, याची चौकशी दोघांच्याही हिताची आहे.