कातकरी: मराठीची बोली की वेगळी भाषा?

भोरहून वरंध घाटाकडे जाताना किंवा वेल्ह्यात (आता राजगड तालुका) फिरताना कातकरी वाड्या लागतात. तिथली माणसं तुमच्याशी मराठीत बोलतात. आपापसात बोलू लागली की मात्र तुम्हाला सगळं कळेलच असं नाही. मग ही मराठीच का?

कातकरी कोण?

खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. त्यांना काथोडीही म्हणतात. मोठी वस्ती कोकणात, विशेषतः रायगडमध्ये. घाटावर मावळ, मुळशी, वेल्हे, भोर या पट्ट्यात. 2011च्या जनगणनेत राज्यात सुमारे 2 लाख 85 हजार. कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर राज्यातल्या 3 आदिम जमातींत त्यांची गणना होते.

भाषा की बोली?

ग्रिअर्सन यांनी 1905 मध्ये भाषा सर्वेक्षणाच्या मराठी खंडात कातकरीची नोंद वारली, वाडवळ, सामवेदी यांच्याबरोबर केली. 'एथ्नोलॉग' ही जागतिक भाषासूची मात्र कातकरीला वेगळी भाषा मानते आणि वारली, कोकणा, सामवेदी यांच्यासह कोकणी गटात ठेवते. गणेश देवी यांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड 2013 मध्ये आला, त्यात आदिवासी भाषांना स्वतंत्र जागा मिळाली.

गोंधळ का? कारण बोली कुठे संपते आणि भाषा कुठे सुरू होते, याची पक्की रेषाच नसते. लिपी, शाळा आणि सरकारी कागद ज्या बोलीला मिळाले, ती 'भाषा' होते.

यानं फरक काय पडतो?

पहिला फरक मोजणीत. 10 हजारांपेक्षा कमी लोकांनी नोंदवलेली मातृभाषा जनगणनेच्या यादीत स्वतंत्र दिसत नाही. 'मातृभाषा कोणती?' याला घरच्यांनी सवयीनं 'मराठी' म्हटलं की कातकरीचा आकडा आणखी घटतो.

दुसरा फरक वर्गात. पहिलीतल्या मुलाला पुस्तकातली मराठी परकी वाटते. ते गप्प बसतं आणि 'त्याला काही येत नाही' असा शिक्का बसतो. त्यातच दिवाळीनंतर अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि शाळा मध्येच सुटते.

कायदा काय म्हणतो?

शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 29: शिक्षण 'शक्य तिथवर' मुलाच्या मातृभाषेत असावं. पण मातृभाषा कागदावर मराठीच असेल, तर शाळेला वेगळं काही करावंच लागत नाही. म्हणून नावाचा हा वाद फक्त अभ्यासकांचा नाही. मुलाच्या घरची भाषा कोणती, हे शाळेनं आधी विचारायला हवं.