मोटारीच्या तळाशी असलेले रसायन

विजेवर चालणारी मोटार विकत घेताना ग्राहकापुढे जी माहिती ठेवली जाते, तिच्यात पडद्याचा आकार, छताची काच आणि एका चार्जिंगमध्ये मिळणारा पल्ला यांना अग्रस्थान असते. परंतु गाडीच्या किमतीतला सर्वांत मोठा एकटा घटक जी बॅटरी, तिच्या आत नेमके कोणते रसायन आहे, याचा उल्लेख बहुतेक वेळा माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आढळतो, आणि कधी तर आढळतही नाही. पुण्यातील ग्राहकाच्या बाबतीत ही उणीव विशेष खटकते, कारण या विषयाचा मोठा भाग त्याच्या घराच्या आसपासच घडत असतो. येरवड्यातून जाणारा नगर रस्ता पुढे रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीला पोहोचतो, आणि जानेवारी 2020 मध्ये बाजारात आलेली टाटा मोटर्सची नेक्सॉन ईव्ही तिथल्याच कारखान्यात तयार होऊ लागली. महिंद्राच्या 'बीई 6' आणि 'एक्सईव्ही 9ई' या नोव्हेंबर 2024 मध्ये सादर झालेल्या गाड्या चाकणला बनतात. आणि भारतातील वाहनांची मानके जिच्यामार्फत प्रसिद्ध होतात, ती 'एआरएआय' ही संस्था वेताळ टेकडीवर आहे.

बॅटरी हा शब्द सर्रास वापरला जात असला, तरी मोटारीच्या तळाशी बसवलेला तो सपाट, काही शे किलो वजनाचा संच म्हणजे वस्तुतः शेकडो, काही गाड्यांत हजारो, सेलची जुळणी असते. प्रत्येक सेलमध्ये धनाग्र, ऋणाग्र आणि त्या दोहोंमधून लिथियमचे आयन वाहून नेणारा द्रव असतो. ऋणाग्र बहुधा ग्रॅफाइटचे असते आणि त्यात फारसा फरक नसतो. फरक असतो तो धनाग्राच्या पदार्थात, आणि बाजारात जी नावे ऐकू येतात ती या पदार्थावरूनच पडलेली आहेत. लिथियम, लोह आणि फॉस्फेट यांचे धनाग्र असेल तर ती 'एलएफपी' बॅटरी. निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट यांच्या ऑक्साइडचे असेल तर 'एनएमसी'. या दोन्हींना 'लिथियम-आयन' म्हणतात, त्यामुळे विक्रेत्याने केवळ 'लिथियम-आयन बॅटरी आहे' एवढेच सांगितले, तर त्याने काहीच सांगितलेले नाही असे समजण्यास हरकत नाही.

एलएफपीचा शोध 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत लागला, आणि 1997 च्या त्या गाजलेल्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अक्षय पाढी हे भारतीय वंशाचे संशोधक होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. गुडइनफ यांना पुढे 2019 मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. या पदार्थाचे बलस्थान त्याच्या रेणूंच्या रचनेतच आहे: फॉस्फेटमध्ये फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा बंध इतका घट्ट असतो, की सेल भलताच तापला तरी धनाग्रातून ऑक्सिजन सहजासहजी सुटत नाही. एनएमसीच्या थरांच्या रचनेत हा बंध त्या मानाने सैल असतो; अतिउष्णतेत ऑक्सिजन सुटतो, आतल्या ज्वालाग्राही द्रवाशी त्याचा संयोग होतो, त्यातून आणखी उष्णता निर्माण होते, आणि एका सेलची आग शेजारच्या सेलकडे सरकत जाते. या साखळीला तंत्रज्ञ 'थर्मल रनअवे' म्हणतात.

एलएफपी सुरक्षित असूनही एनएमसी टिकून आहे, ते वजनामुळे. एलएफपीच्या एका सेलचा विद्युतदाब सुमारे 3.2 व्होल्ट, तर एनएमसीचा 3.6 ते 3.7 व्होल्ट असतो, आणि तेवढ्याच वजनात एनएमसी साधारणपणे तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक ऊर्जा साठवते. ज्या उत्पादकाला लांब पल्ला किंवा हलकी, चपळ गाडी हवी असते, त्याला हा फरक मोलाचा वाटतो. म्हणून 2019 मध्ये आलेली ह्युंदाई कोना, 2025 ची क्रेटा इलेक्ट्रिक आणि बहुतेक महागड्या जर्मन गाड्या एनएमसीवर चालतात. उलट नेक्सॉन, टियागो, एमजीची विंडसर आणि महिंद्राच्या वर उल्लेखिलेल्या दोन्ही गाड्या एलएफपीच्या आहेत. महिंद्राने त्यासाठी चीनच्या बीवायडी कंपनीचे लांब, पात्यासारखे 'ब्लेड' सेल वापरले आहेत. भारतीय रस्त्यांवर एलएफपीचा वरचष्मा आहे, आणि जगातही 2024 मध्ये विजेच्या मोटारींसाठीच्या बॅटऱ्यांपैकी जवळपास निम्म्या याच प्रकारच्या होत्या. कोबाल्ट आणि निकेल या महाग धातूंची गरज नसल्याने ती स्वस्त पडते, हे त्यामागचे साधे कारण होय.

तथापि रसायनाच्या नावावरच निकाल लावणे घाईचे ठरेल, आणि अनेक ग्राहक नेमके तेच करतात. मार्च 2022 मध्ये येरवड्यापासून जवळच असलेल्या धानोरी-लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली विजेवरची एक स्कूटर पेटली आणि तिची चित्रफीत देशभर पसरली; त्या उन्हाळ्यात इतर शहरांतूनही अशाच बातम्या आल्या, आणि जूनमध्ये वसईत चक्क एलएफपी बॅटरीच्या एका मोटारीलाही आग लागली. सेलमधील उत्पादनदोष, जोडण्यांमधील ढिलाई, पाण्याचा शिरकाव किंवा नियंत्रक प्रणालीची चूक यांपैकी काहीही आगीला निमित्त होऊ शकते. एलएफपीमुळे आगीची शक्यता आणि तिचा वेग कमी होतो, पण ती अशक्य होत नाही. या घटनांनंतर केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमून दुचाकींसाठी 'एआयएस 156' आणि मोटारींसाठी 'एआयएस 038' ही मानके कडक केली आणि ती डिसेंबर 2022 पासून दोन टप्प्यांत लागू झाली. सेलमधली आग प्रवाशांपर्यंत पोहोचण्याच्या किमान 5 मिनिटे आधी त्यांना इशारा मिळाला पाहिजे, ही मोटारींसाठीची अट आहे.

ग्राहकाच्या दैनंदिन व्यवहारात याहून अधिक महत्त्वाचा प्रश्न असतो तो बॅटरी किती वर्षे टिकेल हा. येथे 'सायकल' ही संज्ञा पुढे केली जाते: पूर्ण क्षमतेइतकी वीज एकदा भरून ती एकदा वापरली की एक सायकल झाली. एलएफपी साधारणपणे 2000 ते 3000 किंवा त्याहून अधिक, तर एनएमसी 1000 ते 2000 सायकली सोसते, असे ढोबळमानाने मानले जाते. हा आकडा ऐकून एनएमसीची गाडी लवकर निकामी होईल अशी भीती वाटते, परंतु हिशेब वेगळे सांगतो. कल्याणीनगरातून हिंजवडीला नोकरीला जाणारा माणूस रोज 45 ते 50 किलोमीटर गाडी चालवतो असे धरले आणि गाडी प्रत्यक्षात 300 किलोमीटर धावते असे मानले, तर त्याची एक सायकल सुमारे सहा दिवसांनी पूर्ण होते, म्हणजे वर्षाला 60 च्या आसपास. 1000 सायकली संपायला 16 वर्षे लागतात. दिवसाला 200 किलोमीटर धावणाऱ्या, विमानतळाच्या भाड्याच्या टॅक्सीच्या मालकाला मात्र हाच आकडा चार-पाच वर्षांत गाठता येतो, आणि त्याने एलएफपीवर अडून बसणे रास्त होय. पुण्याची बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलने फेब्रुवारी 2019 पासून रस्त्यावर आणलेल्या विजेच्या बसेसही एलएफपीच्याच आहेत, ते उगाच नव्हे.

खासगी मोटारीची बॅटरी धावून जितकी झिजत नाही तितकी उभी राहून, उष्णतेत आणि भरलेल्या अवस्थेत पडून, झिजते. पुण्याचा उन्हाळा 40 अंशांच्या आसपास जातो, आणि येरवड्याच्या जुन्या वस्तीत, जिथे पार्किंगची छपरे नाहीत, गाडी दिवसभर उन्हात तापत राहते. त्यामुळे बॅटरी थंड ठेवण्याची व्यवस्था कशी आहे, हा प्रश्न रसायनाइतकाच मोलाचा आहे. काही गाड्यांत सेलच्या आजूबाजूने शीतक द्रव फिरवला जातो, तर काही स्वस्त गाड्यांत केवळ हवेवर भागवले जाते. हवेवर विसंबण्याचा परिणाम काय होतो, हे निसान लीफच्या सुरुवातीच्या ग्राहकांना 2012 च्या सुमारास अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटी उष्णतेत दिसून आले होते. त्यांच्या गाड्यांचा पल्ला दोन-तीन उन्हाळ्यांतच लक्षणीय घटला.

चार्जिंगची सवयही रसायनाप्रमाणे बदलावी लागते. एनएमसी रोज 80 टक्क्यांपर्यंतच भरावी आणि 100 टक्के फक्त प्रवासाच्या आदल्या रात्री करावी, असा सल्ला दिला जातो. एलएफपीला मात्र अधूनमधून पूर्ण भरण्याची गरज असते, आणि त्याचे कारण मजेशीर आहे: तिचा विद्युतदाब मधल्या टप्प्यात जवळजवळ स्थिर राहतो, त्यामुळे गाडीतल्या संगणकाला बॅटरी 70 टक्के भरली आहे की 40, हे केवळ दाब मोजून नीट कळत नाही, पूर्ण भरल्यावर दाब एकदम वर चढतो आणि मोजदाद पुन्हा ताळ्यावर येते. म्हणून काही उत्पादक आठवड्यातून एकदा तरी 100 टक्के चार्ज करण्यास सांगतात.

बॅटरीचा आकार किलोवॉट-तासांत सांगितला जातो. हा आकडा दडपून टाकणारा वाटत असला, तरी एक किलोवॉट-तास म्हणजे महावितरणच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या एमएसईबीच्या, बिलातले एक युनिट होय. 30 युनिटांची बॅटरी घरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटवरून सुमारे नऊ-दहा तासांत भरते, म्हणजे रात्री लावली की सकाळी तयार. पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी 30.2 युनिटांची होती आणि तिचा प्रमाणित पल्ला 312 किलोमीटर होता. प्रत्यक्षात तो बराच कमी, 200 ते 220 किलोमीटरच्या घरात, भरत असे. प्रमाणित पल्ला चाचणीशाळेतील ठरावीक चक्रावर मोजलेला असतो. म्हणून 2024 मध्ये आलेल्या 45 युनिटांच्या नेक्सॉनला प्रमाणित 489 किलोमीटर मिळत असले, तरी प्रत्यक्षात बहुतेक चालकांना सुमारे 350 किलोमीटर मिळतील, असे खुद्द कंपनीच सांगते. विक्रेत्याच्या तोंडून हा दुसरा आकडा काढून घेणे, हे ग्राहकाचे काम.

पुणे-मुंबई प्रवासात बॅटरीची एक खासियत उघड होते. खंडाळ्याचा घाट चढताना 1800 किलो वजनाची गाडी सुमारे 550 मीटर उंची गाठते आणि त्या चढणीपोटी किमान अडीच-तीन युनिटे खर्च होतात. उतरताना मोटर जनित्रासारखी काम करून त्यातली बरीच वीज परत बॅटरीत भरते. मात्र ही परतफेड घ्यायला बॅटरीत जागा शिल्लक असावी लागते. येरवड्यातून पूर्ण भरून निघालेल्या गाडीत लोणावळ्यापर्यंत भरपूर जागा होते. परंतु लोणावळ्यात चिक्की घेण्यासाठी थांबून कोणी बॅटरी 100 टक्के भरून घेतली, तर घाट उतरताना परत मिळणारी वीज बॅटरी स्वीकारत नाही आणि नेहमीच्या ब्रेकवरच अधिक भार येतो.

पावसाळ्याची चिंता वेगळ्या प्रकारची आहे. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की मुळा-मुठेकाठच्या शांतिनगरसारख्या वस्त्यांत पाणी शिरते. बहुतेक मोटारींच्या बॅटरीच्या आवरणाला 'आयपी 67' हे प्रमाणपत्र असते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहूनही आत पाणी जाऊ नये अशी त्याची चाचणी झालेली असते. पुराच्या पाण्यात तासन् तास बुडालेल्या गाडीला हे कवच पुरेसे नाही, आणि एलएफपी असो वा एनएमसी, अशी गाडी तपासणीशिवाय चार्जिंगला लावू नये. त्याच गाडीत 12 व्होल्टची, सहसा शिसे-आम्लाची, एक लहान बॅटरीही असते हे पुष्कळांना ठाऊक नसते. दरवाजाचे कुलूप, दिवे आणि मोठ्या बॅटरीचा संपर्क जोडणारे स्विच तिच्यावर चालतात, त्यामुळे मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असतानाही ही लहानगी बसली, तर गाडी सुरूच होत नाही.

सोडियम-आयन हे पुढचे नाव पुण्यातच घुमते आहे. हिंजवडीच्या केपीआयटी कंपनीने डिसेंबर 2023 मध्ये पाषाणच्या 'आयसर' संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केले. सोडियम मिठातून मिळतो, लिथियमप्रमाणे आयात करावा लागत नाही, आणि लिथियम सेलच्या ऋणाग्रासाठी लागणाऱ्या तांब्याच्या पत्र्याऐवजी येथे दोन्ही बाजूंना स्वस्त ॲल्युमिनियम चालते. मात्र तेवढ्याच वजनात ऊर्जा कमी साठत असल्याने दुचाकी, तीनचाकी आणि सौर वीज साठवण यांनाच आधी या बॅटरीचा उपयोग होईल असे दिसते. मोटार घेणाऱ्याने तिच्यासाठी खोळंबून राहण्याचे कारण नाही.

हमीचे कलम मात्र ओळ न् ओळ वाचावे. 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर ही भारतात रूढ झालेली मुदत आहे. काही कंपन्या पहिल्या मालकासाठी 'आजीवन' हमी देतात, आणि गाडी विकली की ती हमी आखूड होते. सप्टेंबर 2024 मध्ये एमजीने विंडसर 9.99 लाख रुपयांत देऊन बॅटरीचे भाडे किलोमीटरला 3.50 रुपये ठेवले. महिन्याला 1000 किलोमीटर धावणाऱ्याला याचा अर्थ 3500 रुपये, विजेचे बिल वेगळे. जुन्या गाड्यांचा बाजार आता कुठे आकार घेऊ लागला आहे. 2020 च्या सुरुवातीला विकल्या गेलेल्या नेक्सॉन ईव्हींची हमी 2028 च्या सुरुवातीपासून संपत जाईल, आणि त्यातली एखादी गाडी नगर रस्त्यावरच्या जुन्या मोटारींच्या दुकानात पाहणाऱ्याने रंग किंवा टायर तपासण्याआधी अधिकृत केंद्रातून बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा लेखी अहवाल मागावा आणि हमी नव्या मालकाच्या नावे होते की नाही, हे व्यवहारापूर्वीच कागदावर घ्यावे.