लॅपटॉपवरचं आवर्तन

पोवाडा एकट्यानं होत नाही. शाहिराच्या मागं झील धरायला दोघं-तिघं लागतात. डफ, तुणतुणं, झांज लागते. बिदागी एवढ्या माणसांत वाटली की जाण्यायेण्याचं भाडंही सुटत नाही. गझल गाणाऱ्याचं तेच, भजनवाल्याचं तेच. मग चांगला गळा असलेला माणूस हळूहळू घरी बसतो. मी शब्दांचा माणूस, यंत्रांचा नव्हे. पण अशांच्या उपयोगी पडेल असं एक तंत्र आज सांगणार आहे. त्याचं नाव लाइव्ह लूपिंग.

लूप म्हणजे आपलं आवर्तनच. तुम्ही लोकांसमोर डफावर आठ मात्रांचा ठेका एकदा वाजवता आणि पायानं कळ दाबता. लॅपटॉप तोच ठेका पुन:पुन्हा वाजवत राहतो. त्यावर तुणतुण्याचा थर द्यायचा, मग स्वत:च्याच आवाजात झील, आणि वर गायचं. घरून भरून आणलेली ही कॅसेट नव्हे. सगळं तिथंच, त्या घटकेला घडतं.

कल्पना आपल्याला परकी नाही. तबल्याचं एकलवादन चालू असताना पेटीवर तोच लेहरा फिरत असतो. तंबोऱ्याच्या चार ताराही गाणं संपेपर्यंत तेच तर करतात. यंत्रानं हे करायला सुरुवात केली ती फितीवर. १९६० च्या दशकात टेरी रायली या अमेरिकन संगीतकारानं दोन टेपरेकॉर्डरमधून एकच फीत ओवली. पहिल्यावर टिपलेला सूर काही क्षणांनी दुसऱ्यावर वाजायचा, तो पुन्हा पहिल्याकडे धाडला जायचा आणि सुरांचे थर चढत जायचे. पुढं हेच रायली किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. प्राणनाथ हे अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शागीर्द, आणि त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब आपल्या मिरजेत राहिले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. गाणं कुठून कुठं पोचतं पाहा!

आता सामान. जुना पण धडका लॅपटॉप पंधरा हजारांच्या आसपास मिळतो. माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी ऑडिओ इंटरफेस नावाची छोटी पेटी साधारण चार-पाच हजारांपासून पुढं. लूपचे प्रोग्राम फुकट आहेत: विंडोजवर मोबियस, लिनक्स आणि मॅकवर सूपरलूपर. पायासाठी महागडा फूटस्विच नको. हिशेबाला वापरतात तो आकड्यांचा सुटा कीबोर्ड पाटावर चिकटवून पायाच्या अंगठ्यानं दाबता येतो. कुठली कळ कोणत्या कामाला, हे प्रोग्राममध्ये आपणच ठरवायचं.

खरी अडचण पैशाची नाही, उशिराची आहे. संगणक एका सेकंदाच्या आवाजाचे ४४,१०० तुकडे करतो आणि ते ओंजळीनं उचलतो. ओंजळ १,०२४ तुकड्यांची असेल तर ती भरायलाच २३ मिलिसेकंद जातात, आणि आवाज बाहेर पडताना पुन्हा तेवढेच. म्हणजे जवळजवळ पन्नास. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, हे धरलं तर तुमचा साथीदार सोळा मीटरवर, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसल्यासारखा वाटतो. ताल कसा जमणार? २५६ ची ओंजळ सहा मिलिसेकंदांत भरते. मग साथीदार चार मीटरवर येतो. तेवढं चालतं. मात्र ओंजळ फारच लहान केली की जुन्या लॅपटॉपची धांदल उडते आणि आवाज तडतडतो. इंटरफेसचा स्वत:चा ड्रायव्हर वापरावा. तो नसेल तर विंडोजसाठी एएसआयओ-फॉर-ऑल हा फुकट ड्रायव्हर आहे. ब्लूटूथचा हेडफोन मात्र या कामाला वर्ज्य. तो एकटाच सगळा ताल बिघडवतो.

आणि कळ दाबायची ती समेवर. डफाची थाप विरली म्हणून नव्हे, तर पुढची सम आली म्हणून. चार सेकंदांचं आवर्तन बंद करायला सेकंदाचा दहावा भाग उशीर झाला, तर तेवढं लंगडेपण दर फेरीत ऐकू येतं. थर देताना स्पीकरचं तोंड माइककडे नसावं, नाहीतर वाजत असलेला ठेकाही झिलीबरोबर पुन्हा भरला जातो आणि दोन-तीन थरांतच नुसता गलका होतो.

साथीदारांच्या पोटाचं काय, हा प्रश्न उरतोच. लूपला कान नसतात. गाणारा एखाद्या ओळीवर रेंगाळला की ढोलकीवाला त्याच्याकडे पाहून हात आवरता घेतो. लूप आपला पुढं निघून जातो. शेराला दाद मिळाली की मिसरा पुन्हा म्हणायचा असतो, ती दाद यंत्राला कळत नाही. म्हणून जिथं साथीदाराला बिदागी देणं शक्य आहे तिथं हे यंत्र नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण जिथं नाहीतर गाणंच झालं नसतं, तिथं, आणि रोजच्या रियाजाला, ते जरूर वापरावं.

नव्यानं करणाऱ्यानं पहिला महिनाभर एकच थर पक्का करावा. आणि कार्यक्रमाला बसण्याआधी लॅपटॉपची बॅटरी भरलेली आहे ना, इंटरनेट बंद आहे ना, एवढं पाहावं. आपोआप होणारं अपडेट नेमकं पहिल्या कडव्यात सुरू होतं.