सातबाऱ्यातले पणजोबा आणि हेळव्याच्या वहीतली पणजी

सांगलीजवळच्या माधवनगर, बुधगाव, तासगाव या पट्ट्यात सध्या जुनी दप्तरं पुन्हा उघडली जात आहेत. 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनं कुणबी नोंदी तपासायला घेतल्या आणि मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. जातीच्या दाखल्यापुरता ‘कुणबी’ हा एक शब्द सापडला की लोक फाईल मिटतात. मला हे अर्ध्यावर ताट सोडून उठण्यासारखं वाटतं. ज्या पानावर तो शब्द असतो, त्याच पानावर एकोणिसाव्या शतकातल्या शेतकऱ्याचं रान, विहीर आणि भाऊबंदकीही असते. ती वाचायची कशी?

आधी गाव कोणाचं होतं ते ठरवा, माणूस नंतर शोधा. सांगलीच्या आसपास हे काम फार गमतीचं आहे. मिरजेच्या पटवर्धनांतून 1801 मध्ये सांगली वेगळी झाली. 1820 मध्ये मिरजेच्याही थोरली पाती आणि धाकटी पाती अशा वाटण्या झाल्या, आणि पुढे धाकट्या पातीची राजधानी बुधगावला आली. तासगावची पटवर्धनांची जहागीर वारस नसल्यानं 1848 मध्ये इंग्रजांनी खालसा केली. त्याच वर्षी साताऱ्याचे छत्रपती वारले आणि त्यांचं राज्यही गेलं. कुंडल औंध संस्थानात, जत स्वतंत्र. म्हणजे एका शेतकऱ्याची लेक चार कोसांवर दिली, तर ती दुसऱ्या राज्यात नांदायला जायची. 1948 मध्ये संस्थानं विलीन झाली, 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. या सगळ्या उलथापालथीत कागद कुठं गेले असतील, याचा अंदाज गावाच्या या इतिहासावरूनच बांधावा लागतो. तहसीलचा अभिलेख कक्ष आणि भूमी अभिलेख कार्यालय इथं आधी विचारावं, मग कोल्हापूर आणि पुण्याची पुराभिलेखागारं. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन दप्तरातून छापलेले ऐतिहासिक लेख प्रसिद्धच आहेत, पण त्यांत स्वाऱ्या आणि कारस्थानं भरपूर. नांगर धरणारा माणूस शोधायला ते उपयोगी नाहीत.

कागद हाती आला की साल अडवतं. शके असेल तर 78 मिळवा, फसली असेल तर 590, सुहूर असेल तर 599. ही वर्षं जानेवारीला सुरू होत नाहीत, म्हणून एखादं वर्ष मागंपुढं धरायचं. घरातल्या आठवणीत मात्र आकडा नसतो, संवत्सराचं नाव असतं. ‘धाता सालचा दुष्काळ’ म्हणजे शके 1798, अर्थात 1876-77 चा मोठा दुष्काळ. तेव्हा कोण किती वर्षांचं होतं एवढं आठवलं, तरी एक पिढी जागेवर बसते.

नावांची अडचण वेगळी. आडनाव बरेचदा नसतंच. ‘अमका बिन तमका’, म्हणजे तमक्याचा मुलगा, एवढंच. त्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, त्यामुळं तीच दोन नावं आलटूनपालटून येत राहतात आणि घाईत दोन पिढ्या एक होऊन जातात. यावर उपाय जमिनीचा. माणसं बदलली तरी सर्व्हे नंबर सहसा टिकतो. फुटला तर त्याचे हिस्से पडतात आणि तेही लिहिलेले असतात. आजच्या सातबाऱ्यावरून फेरफार काढत मागं गेलं, की 1903 नंतर सुरू झालेल्या हक्कनोंदीपर्यंत पोचता येतं आणि त्याआधी मूळ मोजणीचे कागद. इथल्या इंग्रजी मुलखात ही मोजणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर झाली आणि आकार, म्हणजे जमिनीचा सारा, तीस वर्षांसाठी ठरला. संस्थानांत ती ज्याच्या त्याच्या सवडीनं झाली.

आता खरी मजा. समजा, सर्व्हे नंबरापुढं क्षेत्र, आकार आणि ‘बागायत’ असं लिहिलंय. या एका शब्दात घरची सगळी व्यवस्था येते. बागायत म्हणजे बहुधा विहीर. विहीर म्हणजे मोट. मोट म्हणजे निदान एक बैलजोडी, कातडं, जाड नाडा, खालच्या तोंडाला बांधलेला सोंदूर आणि बैलांना उतरायला धाव. बैल मागं सरत विहिरीकडं यायचे, मोट बुडायची, मग नाड्यावर बसून मोटकरी त्यांना उतारावर हाकायचा. पाणी थारोळ्यात पडून पाटानं वाफ्याकडं जायचं. तिथं दारं धरायला दुसरं माणूस लागायचं, आणि ते बहुधा घरातली बाई किंवा पोर असायचं. फाटली मोट चांभार शिवायचा, नाडा मांगाकडून यायचा, कणा सुताराकडून, आणि या सगळ्यांचं बलुतं खळ्यावर मोजून दिलं जायचं. ऊस आणि हळद याच पाण्यावर आली. कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूरच्या जमिनीतल्या पेवांत हळद साठवली जाई. जिरायत रानाचं गणित निराळं. काळ्या जमिनीत लाकडी नांगराला सहा-आठ बैल जुंपावे लागत. एवढी जनावरं एका घरी क्वचित, म्हणून चार घरं पैरा करून नांगरत.

कर्जाचा कागदही टाकून देऊ नका. सावकारांविरुद्ध झालेल्या दख्खनच्या दंग्यांनंतर 1879 मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांना लागू होता. त्यात शेतकऱ्याची कर्जखतं ग्रामनिबंधकासमोर लिहिण्याची सोय होती. तेव्हा तासगाव सातारा जिल्ह्यात असल्यानं तिथं तो कायदा होता, शेजारच्या बुधगावला संस्थानामुळं नव्हता.

या सगळ्या दप्तरांत एक मोठी खोट आहे. सरकारला सारा भरणारा माणूस हवा होता, कुटुंब नको होतं. म्हणून खातं थोरल्याच्या नावावर, धाकटे भाऊ गायब आणि बायका जवळजवळ नाहीतच. बाई दिसते ती ‘कोम’ या शब्दामागं, नवऱ्याच्या नावाला टेकून, किंवा तो मेल्यावर वारस म्हणून. पुढच्या फेरफारांत लहान मुलाच्या नावापुढं ‘अ. पा. क. आई’ असं आढळलं, तर समजावं की अज्ञान मुलाचं पालन करत तिनं शेत राखलं होतं.

घराणं पुरतं हवं असेल, तर दप्तराबाहेर जावं लागतं. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळी गावानुसार लावलेल्या असतात आणि यात्रेला आलेल्यांची नाती त्यांत मिळतात. त्याहून जवळचा माणूस म्हणजे हेळवी. बेळगाव भागातून सुगीनंतर बैल घेऊन येणारे हे लोक ठरावीक घराण्यांच्या पिढ्या वंशपरंपरेनं सांभाळत आले आहेत. त्यांच्या चोपड्या बऱ्याचदा कानडीत असतात, तेव्हा तिथं मोडीवाला कामाचा नाही. सांगितलेली प्रत्येक पिढी खरीच असेल असंही नाही. फेरफाराशी ताडून पाहावी.

तेव्हा पुढच्या सुगीला हेळवी दारात आला, तर पायलीभर जोंधळे देऊन त्याची बोळवण करू नका. त्याला बसवा, मोबाईलवर त्याचं बोलणं रेकॉर्ड करा आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवून प्रत्येक सुनेचं माहेर विचारून घ्या.