मारिओची वही

व्यंगचित्रकार मारिओ मिरांडानं लहानपणी घरच्या भिंती रेघोट्यांनी भरून टाकल्या, तेव्हा आईनं त्याच्या हाती कोरी वही दिली. तिचीच पुढं रोजनिशी झाली. मजकूर थोडा, चित्रंच फार. १९४९ ते १९५१ च्या रोजनिश्या नंतर पुस्तकरूपानं आल्या.

चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. हात बसला तो रोजच्या सवयीनं. गोव्यातल्या लोटली गावचे पाद्री, लग्नं, बँडवाले, शेजारणींच्या कुचाळक्या, सगळं वहीत.

मुंबईतही, माहीमला बुधवारी सेंट मायकल चर्चच्या नोव्हेना प्रार्थनेला गेलात, तर मेणबत्तीवाल्यांपासून रांगेतल्या आजीबाईंपर्यंत मारिओचीच माणसं भेटल्यासारखी वाटतात. त्याच्या चित्रांतल्या गर्दीत प्रत्येक चेहरा निराळा. कोपऱ्यात बऱ्याचदा एखादा कुत्रा.

कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारमध्ये ही गर्दी भिंतभर पसरली आहे. भिंत शेवटी मिळालीच म्हणायची!